केस मॅनेजर काय करू शकतात आणि काय नाही: कमी उत्पन्नाच्या कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही रागाने विचारलेले असतात, काही संकोचाने, बरेचसे गैरसमजातून. क्रमाने वाचायची गरज नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नियम देशागणिक आणि योजनेगणिक बदलतात. इथे लिहिलंय ते या कामाच्या स्वरूपाबद्दल.

१. केस मॅनेजर म्हणजे नक्की कोण?

एकाच कुटुंबाला घर, आजारपण, मुलांची शाळा, कर्ज आणि नोकरी अशा पाच बाबतींत एकदम मदत लागते आणि ती मदत पाच कार्यालयांत विखुरलेली असते. त्या सगळ्यांचा ताळमेळ बसवणारी, तुमच्या कुटुंबाची पूर्ण फाईल जिच्याकडे असते ती व्यक्ती म्हणजे केस मॅनेजर. कुठे त्यांना केस वर्कर म्हणतात, कुठे समाजकार्यकर्ता, कुठे कुटुंब समन्वयक. पाटीवर काय लिहिलंय याला फार महत्त्व नाही. त्यांना पगार कोण देतं, हे मात्र पहिल्याच भेटीत विचारून घ्या: सरकारी खातं, रुग्णालय, स्वयंसेवी संस्था, की सरकारचं कंत्राट घेतलेली कंपनी? त्यांचे हात कुठे मोकळे आणि कुठे बांधलेले, हे बरंचसं त्यावर ठरतं (प्रश्न १५ पाहा).

२. ते आमच्यासाठी प्रत्यक्षात काय करतात?

आधी परिस्थिती समजून घेतात: घरात कोण कोण आहे, कमावतं कोण, देणी किती, आजारी कोण, लगेच अंगावर येणारं संकट कोणतं. मग तुमच्याबरोबर बसून आराखडा करतात. त्यात काय आधी, काय नंतर आणि कोणी काय करायचं हे लिहिलेलं असतं. त्यानंतर योग्य ठिकाणी पाठवतात, अर्ज भरायला मदत करतात, पाठपुरावा करतात, आणि गाडी अडली तर तुमच्या बाजूने समोरच्या कार्यालयाशी बोलतात.

ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण एक उदाहरण घ्या. एका आईला एकाच दिवशी तीन ठिकाणी बोलावलंय: सकाळी मुलाच्या शाळेत, दुपारी घराच्या अर्जाच्या मुलाखतीला, आणि त्याच सुमाराला दवाखान्यात. मुलाखत चुकली तर अर्ज बाद. दवाखाना चुकला तर पुढची तारीख दोन महिन्यांनी. शाळा चुकली तर ‘पालक लक्ष देत नाहीत’ असा शेरा. कामावरचा खाडा होतो तो वेगळाच. इथे चांगला केस मॅनेजर दोन फोन करून दोन तारखा हलवतो. आईने स्वतः केले असते तर तेच फोन कदाचित कोणी उचललेच नसते.

३. आम्हाला तर ते तपासनीसच वाटतात. हे काम मुळात सुरू झालं कसं?

तुम्हाला वाटतं ते अगदीच चूक नाही. लंडनमध्ये १८६९ साली चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी स्थापन झाली. वेगवेगळ्या धर्मादाय संस्थांच्या मदतीत ताळमेळ आणणं आणि घरोघरी चौकशी करून मदतीला ‘लायक’ कोण ते ठरवणं, हा तिचा हेतू. १८९५ मध्ये लंडनच्याच रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये मेरी स्टुअर्ट यांची नेमणूक झाली. मोफत उपचार घेणाऱ्यांत पैसे देऊ शकणारे कोण, हे शोधणं त्यांच्या कामात होतं. आणि खरोखर अडलेल्यांना इतर मदतीशी जोडून देणंही होतं. पुढे १९१७ साली अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी या कामाला शिस्तशीर पद्धत घालून दिली: आधी माहिती, मग तिचा पडताळा, मग निष्कर्ष. ‘केस मॅनेजमेंट’ हे नाव रुळलं ते १९७० च्या दशकात, अमेरिकेतली मोठी मनोरुग्णालयं रिकामी होत गेली आणि बाहेर पडलेल्यांसाठीच्या सेवा दहा दिशांना विखुरल्या तेव्हा.

म्हणजे मदतनीस आणि तपासनीस ही दोन्ही कामं जन्मापासून एकाच खुर्चीवर बसलेली आहेत. पुढची बरीच उत्तरं याच अडचणीतून निघतात.

४. यासाठी पैसे द्यावे लागतात का?

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीची ही सेवा बहुतेक ठिकाणी मोफत असते. अर्जाची किंवा दाखल्याची अधिकृत फी असेल तर तिची पावती मिळते. ‘इतके द्या, काम करून देतो’ असं कोणी म्हणालं तर ती व्यक्ती दलाल आहे, गळ्यात कोणतंही ओळखपत्र असो.

५. पहिल्या भेटीत इतके खासगी प्रश्न कशाला?

कारण प्रत्येक योजनेची पात्रता वेगळी असते, आणि एखाद्या बारीकशा गोष्टीवरून दार उघडतं किंवा बंद होतं. घरातली आजी तुमच्या ‘कुटुंबात’ धरायची की वेगळी, यावरूनच उत्पन्नमर्यादेचा हिशोब बदलू शकतो. तरीही प्रत्येक प्रश्नाला ‘हे कशासाठी लागतं?’ असं विचारायचा हक्क तुम्हाला आहे. चांगला केस मॅनेजर कारण सांगतो. ‘फॉर्ममध्ये आहे म्हणून’ एवढंच उत्तर मिळालं, तर तो रकाना सक्तीचा आहे का, हे विचारा. बरेच रकाने नसतात.

कागदपत्रं नेताना मूळ प्रती दाखवा आणि झेरॉक्स द्या. एका कागदावर नाव एक आणि दुसऱ्यावर थोडं वेगळं असेल तर ते आधीच सांगा. अर्ज अडकण्याचं इतकं साधं आणि इतकं नेहमीचं दुसरं कारण क्वचितच सापडेल.

६. मी सांगितलेलं गुप्त राहतं का?

बहुतांशी राहतं, पूर्णपणे नाही. तुमच्या संमतीशिवाय ते शेजाऱ्याला, घरमालकाला किंवा मालकाला काही सांगू शकत नाहीत. पण सुपरवायझर फाईल वाचतात, आणि संस्थेला निधी देणारेही काही नोंदी तपासतात. तीन बाबतींत गुप्तता मोडावी लागू शकते: मुलाला किंवा असहाय प्रौढाला इजा होत असल्याचा संशय, कोणाच्या जिवाला ताबडतोब धोका, आणि न्यायालयाचा आदेश. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये तारासॉफ खटल्यात मानसोपचार करणाऱ्यांबाबत सांगितलं की रुग्णाकडून एखाद्या विशिष्ट व्यक्तीला गंभीर धोका असेल, तर तिचं रक्षण करण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यावर येते. हा विचार नंतर इतर मदत-व्यवसायांतही झिरपला.

संमतीपत्रावर सही करण्याआधी तीन गोष्टी बघा: माहिती कोणाला जाणार, कोणती जाणार, आणि किती दिवसांसाठी. कोऱ्या संमतीपत्रावर सही करू नका. दिलेली संमती पुढे मागेही घेता येते.

७. थोडं रोखीचं काम आम्ही अर्जात दाखवलेलं नाही. मॅडमना सांगू का?

सांगण्याआधी थांबा. एकदा ऐकलेलं त्यांना न ऐकल्यासारखं करता येत नाही. त्या मदत देणाऱ्या खात्याच्याच नोकर असतील तर बहुधा नोंद करावीच लागेल. वेगळ्या संस्थेच्या असतील तर आपण होऊन कळवायचं बंधन कदाचित नसेल, पण खोट्या माहितीच्या अर्जावर मदत करणं त्यांनाही शक्य नाही.

म्हणून आधी नाव न घेता विचारा: ‘समजा एखाद्या कुटुंबाने असं केलं असेल, तर काय होतं?’ मोफत कायदेशीर मदत मिळत असेल तर त्याआधी वकिलाला भेटा. वकिलाकडची गुप्तता केस मॅनेजरपेक्षा साधारणपणे भक्कम असते. आमचं मत विचाराल तर दुरुस्ती स्वतःहून केलेली बरी. सापडल्यावर वसुली आणि फसवणुकीचा ठपका असं दोन्ही येऊ शकतं. आणि बऱ्याचदा ते जास्तीचं उत्पन्न धरूनही कुटुंब पात्रच असतं, लपवाछपवीची गरजच नव्हती असं निघतं.

८. केस मॅनेजरने मनात आणलं तर अर्ज मंजूर होतो ना?

नाही. सर्वांत जास्त मनस्ताप याच गैरसमजातून होतो. मंजुरीचा अधिकार बहुधा दुसऱ्याच टेबलावर असतो. केस मॅनेजर अर्ज नीट भरून देतील, शिफारसपत्र लिहितील, चौकशी करतील. काही संस्थांत तातडीच्या मदतीचा छोटा निधी त्यांच्या हातात असतो, पण त्यालाही मर्यादा आणि सुपरवायझरची सही लागते. ‘तुमचं काम नक्की होईल’ असं वचन कोणी दिलं तर हुरळून जाऊ नका. ‘अर्ज पूर्ण आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर यायला हवं, नाही आलं तर मी चौकशी करेन’ हे ऐकायला कोरडं वाटतं, पण तुमच्या उपयोगाचं तेच.

९. अर्ज फेटाळला. आता काय?

फेटाळल्याचं पत्र फेकू नका, लिफाफाही ठेवा. अपिलाची मुदत पत्राच्या तारखेपासून मोजतात की पत्र हातात पडल्यापासून, यावर वाद होऊ शकतो. लिफाफ्यावरचा शिक्का तेव्हा कामी येतो. पत्रात कारण दिलेलं नसेल तर ते लेखी मागा. मग केस मॅनेजरला एकच प्रश्न विचारा: आम्ही अपात्र आहोत की आमचा कागद अपुरा आहे? कागदच कमी असेल तर नवा अर्ज अपिलापेक्षा लवकर मार्गी लागू शकतो. पण नव्या अर्जात मागच्या महिन्यांची थकलेली रक्कम बुडू शकते, म्हणून काही वेळा दोन्ही एकदम करावं लागतं.

अपिलाचा मसुदा लिहायला केस मॅनेजर मदत करतात. सुनावणीत त्यांना तुमची बाजू मांडता येईल की नाही, हे तिथल्या नियमांवर अवलंबून. आणि फेटाळणारं खातं त्यांचंच असेल तर अपिलासाठी बाहेरचा माणूस गाठा.

१०. पगार थोडा वाढणार आहे. मदत बंद होईल का?

होऊ शकते, आणि वाढ कमी नि तोटा जास्त असंही घडतं. काही योजनांत उत्पन्न वाढेल तशी मदत हळूहळू उतरते. काहींत मर्यादा ओलांडली की पूर्ण मदत त्याच महिन्यात तुटते. मुलांच्या सांभाळाची सवलत, घरभाड्याची मदत आणि औषधोपचार तिन्ही एकाच मर्यादेला बांधलेले असतील, तर पगारातल्या लहानशा वाढीने तिन्ही एकदम जातात.

बढती नाकारायची की घ्यायची, हे केस मॅनेजरने ठरवायचं नाही. त्यांच्याकडून मागायची गोष्ट म्हणजे लेखी हिशोब: आज हातात काय येतं, वाढ झाल्यावर काय येईल, कोणती मदत कधी थांबेल, संक्रमण काळाची सूट (पगार वाढल्यावरही काही काळ मदत चालू ठेवण्याची सोय) आहे का, आणि नोकरी गेली तर पुन्हा आत यायला किती वेळ लागेल. शेवटचा मुद्दा लोक विचारायचा विसरतात. नोकरी सहा महिन्यांत सुटली आणि मदतीच्या रांगेत पुन्हा शेवटून उभं राहावं लागलं, की मग तो आठवतो.

११. संगणकाने आम्हाला जास्त रक्कम दिल्याचं दाखवलंय आणि वसुलीची नोटीस आलीय. केस मॅनेजर ती रद्द करतील?

रद्द करण्याचा अधिकार सहसा नसतो, पण आकडा कुठून आला ते शोधायला त्या मदत करू शकतात, आणि हे शोधायलाच हवं. ऑस्ट्रेलियातली ‘रोबोडेट’ योजना लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथे वर्षभराचं उत्पन्न पंधरवड्यांत सारखं वाटून, प्रत्येक पंधरवड्यात तेवढी कमाई झाली असं धरून, लोकांवर देणी काढली गेली. ज्याला सहा महिने काम होतं आणि सहा महिने नव्हतं, तो या हिशोबात आपोआप दोषी ठरला. २०१९ मध्ये न्यायालयात हा प्रकार बेकायदा ठरला, आणि २०२३ मध्ये रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, आपल्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. नेदरलँड्समध्ये मुलांच्या सांभाळाच्या भत्त्यावरून हजारो पालकांना चुकीने फसवे ठरवलं गेलं. त्या प्रकरणात जानेवारी २०२१ मध्ये सरकारने राजीनामा दिला.

तेव्हा नोटीस आली म्हणजे देणं सिद्ध झालं, असं धरू नका. तुमचं काम अनियमित असेल तर प्रत्येक पगाराची चिठ्ठी, नाहीतर निदान वहीतली तारीखवार नोंद, जपून ठेवा. हप्ते बांधून घेण्याच्या कागदावर सही करण्याआधी ती सही म्हणजे कबुली धरली जाते का, ते विचारा.

१२. मॅडम फोनच उचलत नाहीत. आम्ही काय समजायचं?

बहुतेक वेळा एवढंच की त्यांच्याकडे फार केसेस आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे १९७० च्या दशकात गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी घरी जाऊन मदत करणाऱ्या पथकांची पद्धत विकसित झाली. तिच्यात एका कर्मचाऱ्यामागे साधारण १० जण धरले जातात. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच्या सेवांत अशी चैन क्वचितच असते.

पण तुमची मुदत त्यांच्या गर्दीमुळे थांबत नाही. व्हॉइसमेलवर ‘फोन करा’ एवढंच न सांगता नाव, फाईल क्रमांक, नेमकी अडचण आणि शेवटची तारीख सांगा. जमेल तिथे तेच मेसेजने किंवा ईमेलने पाठवा, म्हणजे तारखेसह पुरावा राहतो. मुदत अगदी तोंडावर असेल तर थेट सुपरवायझरला फोन करा. याला चुगली म्हणत नाहीत.

१३. घरी का येतात? नको म्हणता येतं का?

कार्यालयात न दिसणाऱ्या गोष्टी घरी दिसतात: गळणारं छत, जिना चढू न शकणारे आजोबा, अभ्यासाला जागा नसलेली मुलगी. ऐच्छिक सेवा असेल तर नको म्हणता येतं, किंवा दुसरीकडे भेटू असं सुचवता येतं. योजनेची अटच गृहभेट असेल तर नकाराचा परिणाम मदतीवर होऊ शकतो; म्हणून भेट ऐच्छिक आहे की अटीची, ते आधी विचारा. घर आवरून ठेवायचा ताण घेऊ नका. कपाटं आणि पेट्या उघडून दाखवायला सांगणं हे मदतीच्या भेटीत बसत नाही.

१४. ते आमची मुलं काढून घेऊ शकतात का?

ही भीती मनात ठेवून कितीतरी कुटुंबं मदतच मागत नाहीत. म्हणून सरळ उत्तर: केस मॅनेजरला मूल घरातून नेण्याचा अधिकार नसतो. तो निर्णय बालसंरक्षण यंत्रणा आणि न्यायालय यांच्याकडे असतो. मात्र मुलाला मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा गंभीर हेळसांड होत असल्याचा वाजवी संशय आला, तर अनेक ठिकाणी कळवणं हे त्यांचं कायदेशीर कर्तव्य असतं.

पेच असतो गरिबी आणि हेळसांड यांच्यातल्या सीमेवर. घरात अन्न कमी आहे, वीज तोडलेली आहे, आई रात्रपाळीला गेल्यावर मोठी बहीण धाकट्याला सांभाळते. हे कागदावर उतरलं की हेळसांडीसारखं दिसतं. अशा वेळी केस मॅनेजरने आधी वीज जोडून घ्यायची खटपट करावी आणि रात्रीच्या सांभाळाची सोय शोधावी, असं आमचं ठाम मत आहे. सगळे तसं करतात असं मात्र नाही. अडचण सांगताना तुम्ही काय करून पाहिलंत तेही सांगा: ‘वीज तोडलीय, हप्त्यांसाठी अर्ज केलाय, तोपर्यंत मुलं आत्याकडे झोपतात.’ नोंदीत ही दोन वाक्यं आली तर फाईल वेगळी वाचली जाते.

१५. त्यांनी सांगितलेलं ऐकावंच लागतं का?

तुम्ही आपण होऊन घेतलेली मदत असेल तर नाही. सल्ला नाकारता येतो, आणि नाकारला म्हणून राग धरणं त्यांच्या व्यवसायाच्या नीतीत बसत नाही. मदतीलाच अटी असतील तर मात्र गोष्ट वेगळी. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने गरीब कुटुंबांच्या रोख मदतीला कामाची अट जोडली आणि केंद्राच्या निधीतून मिळणाऱ्या मदतीला आयुष्यभरात ६० महिन्यांची मर्यादा घातली. तिथल्या केस वर्करला मग काम शोधायला मदत करणं आणि अट मोडल्यास मदत कापण्याची शिफारस करणं, ही दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतात. जगात इतरत्रही अशा योजना आहेत.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: ‘मी तुमचं ऐकलं नाही तर माझं काय बंद होऊ शकतं, आणि ते कोण ठरवतं?’ प्रश्न उद्धट वाटेल, पण अगदी रास्त आहे.

१६. नवरा-बायको दोघांची एकच केस मॅनेजर. ती कोणाच्या बाजूने?

साध्या मतभेदात ती कोणाचीच बाजू घेत नाही. दोघांचं ऐकून कुटुंबाचा आराखडा करते. घरात मारहाण किंवा धाकदपटशा असेल तर दोघांना एकत्र बसवणंच धोक्याचं, कारण एकटीने सांगितलेलं नवऱ्यासमोर निघालं तर त्याची शिक्षा घरी मिळते. अशा वेळी वेगळी भेट मागा, वेगळी फाईल मागा, आणि पत्र किंवा मेसेज कुठे पाठवायचा नाही तेही सांगा. घरातल्या सामायिक फोनवर आलेला एक ‘उद्या भेटू’सुद्धा महागात पडतो.

१७. आम्हाला तिथली भाषा येत नाही. मुलगा बोलतो आमच्या वतीने. चालेल ना?

पत्ता विचारायला चालेल, याहून जास्त नाही. दहा-अकरा वर्षांचा मुलगा टेबलाशी उभा आहे, आणि आईला नेमका कोणता आजार आहे, घर कधी सोडायला सांगितलंय, हे त्याला समोरच्याचं ऐकून आईला सांगायचंय. तो अर्धं गाळतो. काही शब्द त्याला कळत नाहीत, काही आईला ऐकवायची त्याची हिंमत होत नाही. चूक होतेच, आणि ओझं त्या पोरावर राहतं. दुभाषा मागा, बऱ्याच सार्वजनिक सेवांत तो मोफत द्यावा लागतो, फोनवरही मिळतो. नातेवाईक आणि ओळखीचे लोकही टाळलेले बरे, विशेषतः प्रश्न १६ सारखी परिस्थिती असेल तर.

१८. त्यांच्याकडून थोडे उसने पैसे घेतले तर? काही भेट दिली तर?

दोन्ही नको. उसनवारी झाली की पुढच्या भेटीत आराखड्याऐवजी पैशांचा विषय मधे येतो. महागडी भेट दिली तर शिफारस विकत घेतल्यासारखी दिसते, आणि नोकरी त्यांची जाऊ शकते. मुलांनी काढलेलं चित्र कोणी परत करत नाही. घरचा फोन नंबर दिला नाही किंवा समाजमाध्यमावरची विनंती स्वीकारली नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. बहुतेक संस्थांचा तसा नियमच असतो.

१९. आईच्या वतीने मी बोलू शकते का?

आईने लेखी संमती दिली तर हो. आई सज्ञान आहे आणि तिला समजतंय, तोवर निर्णय तिचा. केस मॅनेजर तिच्याशी एकांतात बोलायचा आग्रह धरू शकतात, तो अपमान समजू नका. तुम्ही संमतीशिवायही माहिती *देऊ* शकता. फक्त त्यांच्याकडून माहिती *मिळणार* नाही.

२०. त्यांच्या चुकीमुळे आमची मुदत हुकली. तक्रार केली तर मदत बंद होईल?

तक्रार केली म्हणून मदत कापणं नियमात बसत नाही. तरी लोक घाबरतात, आणि ती भीती निराधार आहे असं म्हणणं सोपं असलं तरी प्रामाणिक नाही. म्हणून तक्रार लेखी करा, माणसाच्या स्वभावाबद्दल न लिहिता घटनेबद्दल लिहा: कोणत्या तारखेला काय सांगितलं गेलं, तुम्ही काय केलंत, परिणाम काय झाला, आणि आता काय हवंय. प्रत स्वतःकडे ठेवा. त्याच वेळी संबंधित खात्याकडे उशीर माफ करण्याचा अर्ज करा. ‘चुकीची माहिती मिळाली’ हे कारण काही ठिकाणी ग्राह्य धरतात, आणि केस मॅनेजरने चूक मान्य केल्याचं पत्र दिलं तर अर्जाला वजन येतं.

केस मॅनेजर बदलूनही मागता येतो. लहान संस्थेत दुसरं कोणीच नसेल, हेही शक्य आहे.

२१. केस अचानक बंद केली. असं करता येतं का?

उद्दिष्टं पूर्ण झाली, तुम्ही दुसरीकडे राहायला गेलात, निधीची मुदत संपली किंवा बरेच दिवस संपर्क झाला नाही, अशा कारणांनी केस बंद होते. न कळवता बंद करणं चूक. कारण आणि पुन्हा उघडण्याची पद्धत लेखी मागा. पत्ता किंवा नंबर बदलल्यावर कळवायचं राहून गेलं, यापायी कितीतरी फाईली ‘संपर्क नाही’ म्हणून बंद होतात.

२२. आमच्या केस मॅनेजरने नोकरी सोडली. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं का?

दुर्दैवाने बऱ्याचदा हो. या कामात माणसं टिकत नाहीत: पगार बेताचा, केसेसचा डोंगर, आणि रोज दुसऱ्याचं दुःख ऐकणं. तुमच्याकडे स्वतःची एक फाईल असेल तर नवा माणूस पहिल्या भेटीतच कामाला लागतो. आराखड्याची प्रत, अर्जांचे क्रमांक, आलेली पत्रं आणि कोणाशी कधी काय बोलणं झालं त्याची वही, एवढं पुरे.

२३. वर्ष झालं, घर मिळत नाही. मग केस मॅनेजर असून उपयोग काय?

प्रश्न बिनतोड आहे. परवडणारी घरंच नसतील तर जगातला सर्वोत्तम केस मॅनेजरसुद्धा तुम्हाला प्रतीक्षायादीत नीट उभं करू शकतो, याहून फारसं काही नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सुरू झालेल्या ‘पाथवेज टू हाउसिंग’ने क्रम उलटा केला: रस्त्यावर राहणाऱ्याला आधी घर, मग त्याला हवी असेल तशी मदत. फिनलंडने २००८ पासून हेच देशपातळीवर राबवलं, आणि तिथे बेघरांचं प्रमाण ठळकपणे खाली आलं. पण फिनलंडने त्यासाठी घरं बांधली, विकत घेतली, तात्पुरत्या निवाऱ्यांचे भाड्याचे फ्लॅट केले. नुसते केस मॅनेजर नेमले असते तर हे घडलं नसतं.

काही सरकारांना केस मॅनेजर नेमणं घर बांधण्यापेक्षा स्वस्त पडतं, म्हणून तेच केलं जातं. त्याचा राग समोर बसलेल्या बाईवर निघतो. तिच्याकडून या काळात मागण्यासारखं म्हणजे यादीतला क्रमांक दर काही महिन्यांनी तपासणं, दुसऱ्या याद्यांत नाव घालणं, आणि सध्याचं घर टिकवण्यासाठी घरमालकाशी बोलणं.

२४. आमच्याबद्दल फाईलमध्ये काय लिहिलंय ते वाचता येतं का?

बऱ्याच ठिकाणी लेखी अर्जावर वाचता येतं; दुसऱ्या व्यक्तीची माहिती असलेला भाग झाकून देतात. वाचताना घटना आणि शेरा यांत फरक करा. ‘आई सहकार्य करत नाही’ हा शेरा झाला. ‘आई १२ आणि १९ तारखेच्या भेटीला आल्या नाहीत, दोन्ही दिवशी रात्रपाळी होती’ ही घटना. पहिलं वाक्य पुढची दहा माणसं वाचतात आणि तुम्हाला न भेटताच मत बनवतात. चुकीची तारीख, चुकीचं उत्पन्न किंवा दुसऱ्याच कुटुंबाचा कागद सापडला तर लेखी दुरुस्ती मागा. शेरा खोडायला त्यांनी नकार दिला, तर तुमचं म्हणणं वेगळ्या कागदावर लिहून, सही-तारखेसह त्याच पानाला जोडायला सांगा, आणि जोडल्याची पोच घ्या.